गुपित मोजदादीच्या खोलीत असतं

तुरा, सुमारे ४६०० वर्षांपूर्वी

आधी पाय भिजतात. पाणी गढूळ आहे, कोमट आहे आणि त्याला चांगलीच ओढ आहे. तुम्ही दहा वर्षांचे झाला आहात. कमरेला लिननचा आखूड पंचा, डोक्याचा चकोट आणि एका कानाशी लोंबणारी एकच वेणी. इथली मुलं अशीच दिसतात, त्यामुळे तुमच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. भाषा आपोआप कळते. या प्रवासात सवलत काय ती एवढीच. मंतरलेली अंगठी नाही, बोलणारं मांजर नाही आणि पिरॅमिडमधलं भुयार दाखवणारा फाटका नकाशाही नाही.

साल विचारलंत तर उत्तर येतं, ‘गुरांच्या तेराव्या मोजणीनंतरचं वर्ष.’ राजा गादीवर आल्यापासून गुरं किती वेळा मोजली, यावरून इथे काळ सांगतात. राजा आहे खुफू. नाईलला पूर आलाय. तुम्ही नदीच्या पूर्वतीरावर, तुरा इथे उभे आहात. मागे डोंगरात चुनखडीच्या खाणी आहेत. पाण्यापलीकडे, वायव्येला, उन्हात एक पांढरा त्रिकोण चमकतोय. आपल्याला तिकडे जायचंय.

‘चढतोय का, की दगडाबरोबर उचलून ठेवू?’ एक वल्हेकरी ओरडतो. तुम्ही चढता. ही मेरेरची नाव. मेरेरचा सरकारी हुद्दा निरीक्षकाचा, पण आपल्याकडच्या कुठल्याही कोळीवाड्यात त्याला तांडेलच म्हटलं असतं. हाताखाली चाळीसेक माणसं आहेत. काम एकच: तुराचा दगड पलीकडे पोचवायचा, रिकाम्या नावेनं परत यायचं, पुन्हा भरायचं.

दगड बघा. हा साधा दगड नाही. पिरॅमिडच्या पोटात भरायची भरड चुनखडी तिकडेच, गिझाच्या पठारावर निघते. पण बाहेरचा गुळगुळीत पांढरा पोशाख हवा तर तुराचाच दगड लागतो, आणि त्याचा बारीक पोताचा थर डोंगराच्या आत असल्यामुळे बोगदे खणून तो काढावा लागतो. हत्यार म्हणजे तांब्याची छिन्नी आणि लाकडी मोगरी. तांबं मऊ. चार घाव घातले की धार जाते, म्हणून खाणीच्या तोंडाशी नुसत्या छिन्न्यांना धार लावत बसलेली माणसं दिसतात. ताज्या कापलेल्या दगडावर तळहात ठेवलात तर तो गार लागतो आणि हाताला पिठासारखी पूड चिकटते.

एकेक दगड अडीच-तीन टनांचा. तो नावेत चढतो तेव्हा सगळे जण श्वास धरतात, कारण एका बाजूला कलली तर नाव आणि माणसं दोन्ही गेली. शेवटचा दगड बसतो. पाणी काठापर्यंत आलंय. नाव सुटते.

आता वल्ह्यांना फारसं काम नाही. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, वारा मात्र बहुतेक उत्तरेकडून दक्षिणेला. भरली नाव प्रवाहावर खाली सोडायची, रिकामी नाव शीड लावून वर आणायची. खुफूचं सगळं बांधकाम या दोन फुकटच्या ताकदींवर चाललंय. त्यात पुराच्या दिवसांत पाणी शेतांवर पसरतं, कालवे भरतात आणि नाव थेट पठाराच्या पायथ्याशी लागते. उन्हाळ्यात हेच दगड कोरड्यातून ओढत न्यावे लागले असते.

खुफूचं तळं

संध्याकाळी नाव एका मोठ्या, खणलेल्या जलाशयात शिरते. हे खुफूचं तळं. तोंडाशी नाकं आहे आणि तिथला वरिष्ठ अधिकारी म्हणजे राजाचा सावत्र भाऊ अंखहाफ. प्रत्येक नाव इथे थांबते, माल सांगते, मगच पुढे जाते. रात्र इथेच काढायची.

भूक लागली असेल. पाव घ्या. घंटेसारख्या जाड मडक्यात पीठ ओतून, भोवती निखारे रचून तो भाजलाय. वरून काळपट, आतून घट्ट, आणि दाताखाली कचकन वाळू. सोबत बार्लीची दाट बिअर. ती इथे लहानांनाही मिळते, पण तुम्ही पाण्यावर भागवा. टोळीचं धान्य संपत आलंय. म्हणून इजेरू नावाचा एक मुकादम नाव घेऊन हेलिओपोलिसला गेलाय. तो चाळीस गोण्या आणि पाव घेऊन परतेल. हेलिओपोलिस हे गावाचं नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

निजानीज झाल्यावरही एक दिवा जळतोय. लेखनिक लव्हाळ्याच्या लेखणीनं पपायरसवर लिहितोय. मागून डोकावा, तो रागवणार नाही. वर महिन्याचं नाव, खाली ओळीनं दिवसांचे चौकोन, आणि प्रत्येक दिवसाखाली दोन उभ्या रकान्यांत मजकूर: आज तुरात दगड भरले, आज नाव सोडली, आज खुफूच्या तळ्यात मुक्काम. दुसऱ्या गुंडाळीत शिध्याचा जमाखर्च आहे: किती यायचं होतं, किती आलं, किती बाकी. राजाची स्तुती नाही, देवाचा धावा नाही. आपण जगातली सर्वांत मोठी इमारत बांधतोय, याचा साधा उल्लेखही नाही.

अखेत-खुफू, म्हणजे खुफूचा पिरॅमिड

सकाळी तुम्हाला काम मिळतं: पाण्याचं मडकं घेऊन स्लेजच्या पुढे चालायचं. स्लेज म्हणजे बिनचाकांची लाकडी गाडी. तिच्यावर दगड, पुढे दोरांना माणसं. घोडा या देशानं अजून पाहिलेला नाही. तुम्ही वाटेवर पाणी ओतत जाता. कमी ओतलंत तर कोरडी वाळू स्लेजपुढे ढीग करून आडवी येते. जास्त ओतलंत तर चिखल होतो आणि मागून शिव्या येतात. ओल नेमकी जमली की दोर ताणलेल्या माणसांचे चेहरे एकदम सैल पडतात. दगड तोच, वाट तीच, पण तो सरकू लागतो. पुढे सातशे वर्षांनी जेहुतिहोतेप नावाच्या सरदाराच्या थडग्यात एका प्रचंड पुतळ्याच्या स्लेजपुढे पाणी ओतणारा माणूस रंगवतील. बरेच दिवस तो पूजाविधी समजला जाईल. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमचे पदार्थवैज्ञानिक वाळूवर प्रयोग करून दाखवतील, की ओल बरोबर असेल तर ओढायला निम्मंच बळ पुरतं.

आता मान वर करा. पायथ्याची एक बाजू सुमारे २३० मीटर, उंची १४६. एकूण दगड सुमारे तेवीस लाख. एवढे दगड वीस-पंचवीस वर्षांत रचायचे तर दहा तासांच्या दिवसात दर दोन-तीन मिनिटांना एक दगड जागेवर बसायला हवा. म्हणूनच इथे कोणी थांबत नाही. खालच्या पांढऱ्या दगडांच्या सांध्यात नख घालून बघा, जात नाही. १८८०-८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री हे सांधे मोजतील आणि सरासरी अर्धा मिलिमीटर रुंदी नोंदवतील. शेजारी उघडा पडलेला एक दगड आहे. त्याच्या मागच्या अंगावर कावेनं टोळीचं नाव खरडलंय. अशी नावं आत, राजाच्या दालनावरच्या बंद पोकळ्यांतही आहेत. तिथे ती कोणी वाचणार नाही हे ठाऊक असूनही पोरांनी लिहिली आहेत. आमच्या टोळीनं लावला, एवढंच सांगायचंय त्यांना.

मडकं खाली ठेवा आणि डोळे मिटा. हजारभर वर्षं पुढे जायचंय.

खुफूचा दरबार, पण गोष्टीतला

या वेळी तुम्ही खऱ्या जागी उतरलेला नाहीत. ही एका गोष्टीतली जागा आहे. ती गोष्ट कोणा लेखनिकानं सुमारे ३६०० वर्षांपूर्वी पपायरसवर उतरवून काढली. आज ती बर्लिनमध्ये असते आणि हेन्री वेस्टकार या इंग्रज प्रवाशाच्या नावानं ओळखली जाते. तिची सुरुवात आणि शेवट फाटून गेलेत, मधला मजकूर शाबूत आहे. तुम्ही खांबाआड बसा.

राजा खुफूला मुलं गोष्टी सांगतायत. एक राजपुत्र आजोबा स्नेफ्रूची सांगतो: राजा कंटाळला म्हणून तळ्यात नाव काढली, वीस मुली वल्हवायला बसल्या. एकीचा निळ्या पिरोजा खड्याचा मासा पाण्यात पडला आणि तिनं वल्हं थांबवलं. राजा म्हणाला, दुसरा देतो. ती म्हणाली, मला माझाच हवा. मग जादूगार आला. त्यानं तळ्याचं अर्धं पाणी उचलून उरलेल्या अर्ध्यावर ठेवलं आणि तळाशी खापरीवर पडलेला मासा काढून तिच्या हातात दिला. मग पाणी पुन्हा होतं तिथे.

तेवढ्यात दुसरा राजपुत्र हरजेदेफ जिवंत जादूगारच घेऊन येतो. त्याचं नाव जेदी, वय ११०, आणि खाणं रोज पाचशे पाव, बैलाचा अख्खा खांदा, वर शंभर घडे बिअर. कापलेलं मुंडकं हा पुन्हा जोडतो म्हणे. खुफू हुकूम सोडतो, तुरुंगातला एक कैदी आणा. दरबार गप्प. तुम्ही खांबाला घट्ट धरता. म्हातारा जेदी राजाला नाही म्हणतो. माणसावर हे करायचं नाही. मग हंस आणतात. धड दालनाच्या पश्चिमेला ठेवतात, मुंडकं पूर्वेला. जेदी काहीतरी पुटपुटतो. धड डुलत डुलत निघतं, मुंडकंही निघतं, मधे दोघांची गाठ पडते आणि हंस उभा राहून कलकलाट करतो. तुम्ही हसता. साडेतीन हजार वर्षांहून जुना विनोद आहे, तरी हसू येतंच.

आता खुफू ज्यासाठी थांबलाय तो प्रश्न विचारतो. थोथ देवाच्या मंदिरातल्या गुप्त दालनांची संख्या किती? त्याला आपल्या थडग्यासाठी तशीच दालनं करून घ्यायची आहेत. जेदी सांगतो, संख्या मला ठाऊक नाही, पण ती कुठे आहे ते ठाऊक आहे. हेलिओपोलिसमध्ये गारगोटीच्या दगडाची एक पेटी आहे, मोजदाद नावाच्या खोलीत.

हेलिओपोलिस. मेरेरच्या टोळीचा शिधा जिथून आला तेच गाव. रोजनिशीत तिथून चाळीस गोण्या निघाल्या, गोष्टीत तिथे गूढ पेटी आहे. हजार वर्षांत एवढा फरक पडला. पिरॅमिड दिसत होता, पण तो कोणी ओढला, काय खाऊन ओढला, वाट कोणी भिजवली, हे सांगणारी माणसं आणि त्यांच्या गुंडाळ्या नजरेआड झाल्या होत्या. ती रिकामी जागा जादूगारानं भरून काढली. प्राचीन इमारतींत मुलांना साहसावर पाठवणाऱ्या आजच्या गोष्टींची वंशावळ इथवर मागे जाते. पिरॅमिडांभोवती गूढकथा रचायला परदेशी पाहुणे यावे लागले नाहीत. इजिप्तच्या लोकांनीच ते काम सुरू केलं.

सक्कारा, आणि पुन्हा गोष्ट

इसवी सनापूर्वी सुमारे १२५०. वाळूत अर्धवट गाडलेली थडगी, त्यांच्यामधून एक राजपुत्र वाकून अक्षरं वाचत फिरतोय. हा खाएमवासेत, दुसऱ्या रामसेसचा मुलगा, मेम्फिसच्या प्ताह देवाचा प्रमुख पुजारी. त्याच्या दृष्टीनंही पिरॅमिड तेराशे वर्षांचे जुने आहेत, आपल्याला हर्षवर्धनाचा काळ जेवढा जुना जवळपास तेवढे. तो पडझड दुरुस्त करवतो आणि कोणाचं थडगं कोणतं, ती नावं दगडावर पुन्हा कोरवतो. खुफूच्या मुलाचा, कवाबचा, एक पुतळा त्याला सापडला. त्यावर त्यानं कोरून ठेवलं की आपल्याला पूर्वजांची आवड आहे. नोंदी ठेवणारा, पुसलेली नावं परत आणणारा माणूस हा.

आणखी हजार वर्षं जाऊ द्या. हाच सालस माणूस गोष्टीत गेला आणि थडगंफोड्या झाला. नाव सेतने. त्याला थोथनं स्वतः लिहिलेलं जादूचं पुस्तक हवंय. ते पुस्तक पूर्वी कुठे होतं? नदीच्या पात्रात लोखंडी पेटी, तिच्यात तांब्याची, तिच्यात लाकडाची, तिच्यात हस्तिदंत-शिसवीची, तिच्यात चांदीची, तिच्यात सोन्याची, भोवती साप आणि विंचू. सातासमुद्रापलीकडच्या पोपटात राक्षसाचा जीव ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना ही मांडणी लगेच ओळखू आली असती.

आता ते पुस्तक थडग्यात आहे आणि तुम्ही सेतनेच्या मागोमाग आत शिरला आहात. अंधार नाही, पुस्तकाचाच उजेड पडलाय. नानेफरकाप्ताह नावाचं भूत समोर बसलंय, शेजारी त्याची बायको आणि मुलगा, तेही मेलेले. पुस्तक हवं असेल तर सोंगट्यांचे डाव जिंक, भूत म्हणतं. सेतने पहिला डाव हरतो. भूत पट उचलून त्याच्या डोक्यात घालतं आणि तो पायांपर्यंत जमिनीत रुततो. दुसरा डाव, कमरेपर्यंत. तिसरा, कानांपर्यंत. तुम्ही सोंगट्यांकडे बघताय आणि भूत लबाडी करतंय का ते शोधताय. तेवढ्यात सेतनेचा भाऊ ताईत घेऊन धावत येतो, सेतने टुणकन वर येतो आणि पुस्तक घेऊन पळतो. मागे थडग्यात काळोख होतो. भूत बायकोला सांगतं, रडू नकोस, तो पुस्तक परत आणेल, हातात दुबेळकी काठी आणि डोक्यावर जळती शेगडी घेऊन. आणि खरोखर तसंच घडतं.

शापित थडगं, चोरलेला ग्रंथ, खेळात हरवणारं भूत, ऐन वेळी पोचलेला ताईत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सगळा ऐवज तयार होता. १९०६ मध्ये लंडनच्या ई. नेस्बिट यांनी अर्ध्या ताइताच्या कमानीतून चार भावंडांना प्राचीन इजिप्त, बॅबिलोन, अगदी अटलांटिसपर्यंत पाठवलं आणि ‘द स्टोरी ऑफ द ॲम्युलेट’ हे पुस्तक ब्रिटिश म्युझियमच्या वॉलिस बज यांना अर्पण केलं. ताईत मात्र सेतनेच्या काळापासून फिरतच होता.

वादी अल-जर्फ, २०१३

तांबड्या समुद्राचा उजाड किनारा. समोर पाण्यापलीकडे सिनाई. तिथून छिन्न्यांचं तांबं यायचं आणि त्या मुलीच्या माशाचा निळा पिरोजाही तिथलाच. खुफूच्या काळात हे बंदर होतं. खडकात खोदलेल्या कोठारांची तोंडं मोठमोठे दगड लावून बंद केली आहेत. पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाबरोबर तुम्ही गुडघ्यांवर बसला आहात, हातात ब्रश. दोन दगडांच्या फटीतून काहीतरी तपकिरी, वाळक्या पानासारखं डोकावतं.

तुम्हाला ते लगेच ओळखू येतं. वर महिना, खाली दिवसांचे चौकोन, प्रत्येकाखाली दोन उभे रकाने.

मेरेरची टोळी पिरॅमिडवरून पुढच्या कामाला या बंदरावर आली होती आणि जाताना कागदपत्रं इथेच टाकून गेली. मजकूर असलेले जगातले सर्वांत जुने ज्ञात पपायरस ते हेच. तुरा, खुफूचं तळं, अंखहाफ, इजेरूच्या चाळीस गोण्या, सगळं त्यात आहे. तालेंचा अंदाज असा की नावेवर एका खेपेला सत्तर-ऐंशी टन दगड जात असावा आणि महिन्याकाठी सुमारे दोनशे दगड पोचत असावेत. पिरॅमिडबद्दल त्याच काळात, तिथेच राबणाऱ्या माणसांनी लिहिलेलं दुसरं काही आपल्या हाती इतकं सविस्तर आलेलं नाही. आणि ते निघालं हजेरी आणि हिशेबाच्या वहीत.

मग जादूच्या गोष्टी मुलांच्या हातून काढून घ्यायच्या का? मुळीच नाही. जेदीचा हंस आणि सेतनेचा डाव नसते तर दहा वर्षांचं कुठलं पोर दगडांच्या ढिगाकडे दुसऱ्यांदा बघणार होतं? फक्त गोष्टीत ती चाळीस माणसंही असू द्यावीत. परग्रहवासी आले आणि त्यांनी दगड उचलले, हे सांगणं सोपं असतं. वाळू किती भिजवली तर दगड सरकतो, हे शोधण्यात साहस जास्त आहे, आणि त्यात मूल स्वतः मडकं उचलून भाग घेऊ शकतं.

शिवाय खुफूचा प्रश्न अजून मिटलेला नाही. गुप्त दालनं किती? २०१५ पासून त्याच्या पिरॅमिडमध्ये म्युऑनची मोजणी चालू झाली. अवकाशातले किरण वातावरणावर आदळून हे सूक्ष्म कण तयार होतात आणि दगडातूनही पार जातात. वाटेत पोकळी असली की त्या दिशेनं थोडे जास्त पोचतात. आत प्लेटा ठेवायच्या, महिनोन्‌महिने थांबायचं, कुठल्या दिशेनं किती कण आले ते मोजायचं. २०१७ मध्ये मोठ्या चढत्या दालनाच्या वर किमान तीस मीटर लांबीची पोकळी असल्याचं जाहीर झालं. २०२३ मध्ये उत्तर बाजूच्या प्रवेशाच्या वरच्या अंगाला नऊ मीटरचा एक बोळ असल्याची खात्री पटली आणि कॅमेराही आत डोकावून आला. बोळ रिकामा होता. मोठ्या पोकळीत अजून कोणी पाऊल ठेवलेलं नाही.

जेदी बढाईखोर होता, पाचशे पाव खात होता, पण पत्ता त्यानं बरोबर सांगितला होता. गुप्त दालनांची संख्या मोजदादीच्या खोलीत आहे, आणि तिथली मोजणी अजून पुरी व्हायची आहे.